आतल्या बाजूची झीज

“आई, हात बाहेर काढ की. हातात देते बिस्किट,” मी म्हटलं.

आईनं हात काढले नाहीत. दोन्ही हात पदराखाली ठेवून तिनं माझ्याकडं बघितलं आणि लहान पोरीसारखं तोंड उघडलं.

“म्हातारपणी लाडावलीस बघ.”

“तूच भरव की गं. तुझ्या हातानं चांगलं लागतंय.”

मी नाचणीचं बिस्किट मोडून तिच्या तोंडात घातलं. मे महिन्यातल्या रविवारची दुपार होती. वृद्धाश्रमाच्या त्या लांबट खोलीत पंखा नुसतं गरम वारं फिरवत होता आणि आईच्या अंगात लांब बाह्यांचा लोकरीचा स्वेटर होता. मी तो काढायला गेले तर तिनं अंग चोरलं.

“राहू द्या ताई,” मागून कुंदाबाई म्हणाल्या. वृद्धाश्रमाचं सगळं त्याच बघायच्या. “थंडी वाजते त्यांना. काढला की चिडतात. आणि हाताला कंप सुटलाय, म्हणून आम्हीपण भरवतोच.”

मला ते खरं वाटलं. म्हातारं माणूस, रक्त पातळ झालेलं, वाजत असेल थंडी. उलट मला बरंच वाटलं, की आई माझ्या हातानं खाते. घरी गेल्यावर नवऱ्याला ते कौतुकानं सांगितलंसुद्धा.

आईला साखरेचा त्रास जडला तेव्हा मी ओव्हन घेतला होता. मैदा नको, साखर नको. आम्ही जैन, त्यामुळं अंड्याचा प्रश्नच नव्हता, आणि आंबवलेलं आईला चालायचं नाही म्हणून यीस्टही गेलं. मग उरलं काय, तर नाचणी, ज्वारी, थोडा खजूर आणि माझा हट्ट. पहिली बिस्किटं इतकी कडक झाली, की माझ्या नवऱ्यानं, भूपालनं, त्यातलं एक उचलून दाराखाली पाचर म्हणून बसतंय का बघितलं. “दातापेक्षा हेच टिकंल बघ,” म्हणाला. पण मी नाद सोडला नाही. पुढं पुढं ती चांगली खुसखुशीत व्हायला लागली आणि भूपाल चोरून खायला लागला.

ओव्हन ठेवला होता मागच्या अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये, कारण मी दिवसभर तिथंच असायची. जुनं लाकूड नवं करणं हा माझा धंदा. सांगलीत महापूर आला त्या वर्षी लोकांनी भिजून फुगलेली कपाटं, टेबलं रस्त्यावर आणून टाकली होती. त्यातलं एक सागवानी टेबल मी हातगाडीवर घालून घरी आणलं, सावलीत वाळवलं, घासलं, लाखेचं पॉलिश केलं. एक डॉक्टरीणबाई ते बघता क्षणी घेऊन गेल्या. तेव्हापासून कुठं घर पडतंय, कुणी पलंग काढतंय, याची बातमी मला पहिल्यांदा लागायची. “बाकीच्या बायका भिशीला जातात, आमची भंगारात जाती,” असं भूपाल पाहुण्यांना सांगायचा.

त्या रविवारी मी निघाले तेव्हा कुंदाबाई दारापर्यंत आल्या.

“ताई, तुम्ही जुनं लाकूड घेता ना? आम्हाला देणगीत लोखंडी पलंग मिळालेत, कठड्याचे. हे लाकडी पलंग आता मागं पावसात पडून कुजणार. घेऊन जाता का?”

पलंग चांगले जाड सागवानाचे होते. वर हिरव्या ऑइल पेंटचे थर चढलेले, पण आत काय आहे ते मला कळत होतं. दुसऱ्याच दिवशी मी टेम्पो धाडला. त्यात आईचाही पलंग आला. तिला आपला पलंग ओळखता यावा म्हणून मीच कधीतरी त्याच्या उशाला लाल रंगानं स्वस्तिक काढलं होतं. मी तो बाजूला काढून ठेवला. विकायचा नव्हता. आई माझ्या घरी येणार नाही, निदान तिचा पलंग तरी येऊ दे, असं मनात होतं.

आईला माझ्याकडं का आणलं नाही असं विचारणारे आजही भेटतात. त्यांना आई माहीत नाही. ती माझ्या घरी नुसता चहा प्याली, तरी उठताना कनवटीचा रुपया फडताळात ठेवून जायची. “लेकीचं फुकट खाऊ नये,” म्हणायची. डोकं शाबूत होतं तेव्हाच तिनं मला बजावलं होतं, की पोटचा मुलगा जिवंत असताना मी लेकीच्या दारात म्हातारपण काढणार नाही. आणि माझा थोरला भाऊ, जिनदत्तअण्णा, तो तर या बाबतीत तिच्या वरताण. आई विसरायला लागली, पहाटे उठून बस्तीत, आमच्या जैन मंदिरात, दर्शनाला जाते म्हणून भलतीकडंच जायला लागली, तेव्हा त्यानं तिला वृद्धाश्रमात ठेवलं. मी म्हटलं, माझ्याकडं आण. तर म्हणाला, “लोक मला विचारतील, भाऊ मेला काय म्हणून. आश्रमात ठेवली तर उपचार चालू हाईत म्हणून सांगता येतंय.” आईनंही मान डोलावली. दोघांचं एकमत झालं आणि मी गप्प बसले.

माणसं विसरली, घराचा रस्ता विसरली, मला कधी कधी तिच्या मेलेल्या बहिणीच्या नावानं हाक मारायची. पण आमच्यातला एक नेम आई विसरली नव्हती. सूर्य मावळला की ती पाण्याचा थेंबसुद्धा घ्यायची नाही. उन्हं कलायला लागली की तिचं खाणं आपोआप थांबायचं. म्हणून तर मी दर रविवारी कडक उन्हातच डबा घेऊन जायची.

शनिवारी मी आईचा पलंग कामाला घेतला. ओव्हनमध्ये दुसऱ्या दिवशीची बिस्किटं ठेवली आणि इकडं रिमूव्हर लावून पत्र्याच्या पट्टीनं रंग खरवडायला बसले. हिरव्याखाली निळा निघाला, निळ्याखाली पिवळा, आणि मग सागवान. सुरेख लाकूड होतं. मी खुशीत होते. गुणगुणत होते बहुतेक.

जुन्या लाकडावर माणसाच्या सवयी उमटलेल्या असतात. खुर्चीच्या हातावर कोपर टेकतं तिथं झीज असते, कपाटाच्या दाराला बोटं लागतात तिथं असते. पलंगाच्या कडेच्या पट्टीला माणूस उठता-बसता हात टेकतो, म्हणून तिथं वरच्या अंगाला रंग गेलेला असतो. या पलंगाला वरून झीज नव्हतीच. पण पट्टीखाली बोटं गेली तशी मी थांबले. खालून, आतल्या बाजूला, रंग पार उडाला होता. लाकूड नुसतं उघडं पडलं नव्हतं, तर गुळगुळीत झालं होतं आणि बोट मावेल एवढी खाच पडली होती. दुसऱ्या बाजूच्या पट्टीला हात लावून बघितला. तिथंही तसंच, बरोबर समोरासमोर.

तिथं कुणाचा हात जायचं कारणच नव्हतं.

आधी वाटलं, गादी सरकू नये म्हणून दोरी बांधत असतील. मग मी बाकीचे पलंग उलटे करून बघितले. आणखी दोन पलंगांना तसाच घासल्याचा माग होता, पण पुसट. बाकीच्यांना काहीच नाही. गादी काय फक्त तिघांची सरकते? मी परत आईच्या पलंगापाशी आले आणि तो आडवा केला. पट्टी आणि फळी यांच्या फटीत काहीतरी अडकलं होतं. पटाशीच्या टोकानं ते ओढून काढलं. पिळा पडलेली कापडाची चिंधी होती. मी ती उलगडून पाण्यात धुतली तर लाल काठ वर आला.

इरकलीचा काठ होता. दिवाळीला मीच आईला ती साडी घेतली होती. गुढीपाडव्याच्या सुमाराला कुंदाबाई म्हणाल्या होत्या, की धुण्यात हरवली.

मी पलंग सरळ केला आणि नुसत्या फळ्यांवर आडवी झाले. ती चिंधी मनगटाभोवती गुंडाळली आणि हात बाजूला सोडला. मनगट बरोबर खाचेवर आलं.

किती वेळ तशी पडून होते कोण जाणे. भूपाल धावत शेडमध्ये आला तेव्हा ओव्हनमधून धूर निघत होता.

“अगं बिस्किटं जळाली की. तू काय झोपलीस काय इथं?” तो म्हणाला, आणि माझ्या हाताकडं बघून जवळ आला. मी त्याला खाच दाखवली. त्यानं एकदा बोट फिरवलं आणि लगेच हात मागं घेतला. “अण्णाला बोलवून घेऊ,” एवढंच म्हणाला.

अण्णा आला तेव्हा उन्हं कलली होती. मी त्याला थेट शेडमध्ये नेलं, त्याचा हात धरून पट्टीखाली लावला आणि चिंधी समोर ठेवली. मला वाटलं होतं तो चवताळेल, कुंदाबाईंना शिव्या देईल. तो जुन्या स्टुलावर बसला आणि रुमालानं मान पुसायला लागला.

“अण्णा, काय हाय हे?”

“मीच सांगितलंतं,” तो म्हणाला.

“काय सांगितलंतंस?”

“बांधा म्हणून. पहाटे उठून गेली होती एकदा आश्रमातनं. बस्तीला जाते म्हणून. घाटाच्या पायरीवर बसलेली सापडली, पाण्यात पाय सोडून. तुला सांगितलं नाही मी. कुंदाबाई म्हणाल्या, दोनच बायका हाईत आमच्याकडं, कुणाकुणाकडं बघणार, तुम्ही घेऊन जावा. मग मी म्हटलं, रात्रीचं बांधत जावा. मऊ कापडानं बांधा म्हटलं.”

“मऊ कापडानं.”

“तिचा जीव वाचावा म्हणून म्हटलं गं, त्रिशला.”

“मऊ कापडानं सागवानाला खाच पडती होय रे? किती ओढलं असंल तिनं?”

“मग काय करायचं होतं?” त्याचा आवाज चढला. “नदीत जाऊ द्यायचं होतं? तुझ्याकडं आणायची होती? ती आली असती? तूच सांग, आली असती काय?”

मला त्या क्षणी त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटत होती, आणि तो बोलत होता त्यातलं काही खोटं नव्हतं, म्हणून जास्तच वाटत होती. मी म्हटलं, “गाडी काढ. आत्ता जाऊन तिला आणायची. येईल का नाही ते मी बघते. आणि लोकांनी विचारलं, तर भाऊ मेला म्हणून मीच सांगते.”

भूपालनं मला दंडाला धरून गाडीत बसवलं.

आम्ही पोचलो तेव्हा दिवस मावळून गेला होता आणि आश्रमाच्या खोलीतल्या ट्यूबलाइट लागल्या होत्या. त्या वेळेला मी तिथं कधीच गेले नव्हते. नवे लोखंडी पलंग ओळीनं मांडले होते. आईचा शेवटचा. तिला उशीला टेकवून बसवलं होतं, स्वेटरच्या बाह्या वर सारल्या होत्या आणि दोन्ही मनगटं दोन बाजूंच्या कठड्यांना फडक्यानं बांधली होती. एक सेविका तिच्यासमोर आमटीभाताची ताटली घेऊन उभी होती.

“उघडा आज्जी तोंड. उघडा लवकर. अजून चार जणं राहिल्यात.”

आईनं ओठ घट्ट मिटले होते. मान भिंतीकडं वळवली होती. सेविकेनं डाव्या हातानं तिचे गाल दाबले, सराईतपणे, वासराला औषध पाजताना दाबतात तसे. तोंड उघडलं. चमचा आत गेला. आईच्या डोळ्यांतनं पाणी येत होतं आणि ती गिळत होती.

माझ्या आधी अण्णा पुढं झाला.

“दिवे लागल्यात की,” तो म्हणाला. सेविकेला काही कळलं नाही. “अहो बाई, दिवे लागल्यात. अंधार पडलाय. ती जेवत नाही अंधार पडल्यावर.”

“आमच्याकडं जेवण साडेसातलाच असतंय की,” ती म्हणाली. तिला खरंच आश्चर्य वाटलं होतं. “रोजच भरवतो. नाहीतर हात झटकतात, ताटली उडवतात. बांधल्याबिगर तोंडच उघडत नाहीत त्या.”

“रोज?”

“रोजच की.”

रात्रीचं बांधायला सांगणारा माझा भाऊ, बस्तीच्या पंचकमिटीवर असलेला, पर्युषणात दहा-दहा उपास करणारा, तो आईच्या पलंगाचा कठडा धरून खाली बसला. आईला बांधल्याचं त्यानं सोसलं होतं. हे त्याला सोसलं नाही. तेवढ्यात कुंदाबाई धावत आल्या. उपाशी ठेवलं असतं तरी तुम्हीच आम्हाला बोलला असता, साखरेच्या माणसाला उपाशी ठेवून गोळी कशी द्यायची, असं काहीबाही बोलत राहिल्या. त्यातलंही काही खोटं नसेल. मी गाठी सोडायला गेले तर अण्णानं माझे हात बाजूला केले. तो स्वतः सोडायला लागला. ओढून ओढून गाठी इतक्या घट्ट बसल्या होत्या, की शेवटी भूपालनं कात्री आणून फडकी कापली.

आईची मनगटं मी तेव्हा पहिल्यांदा बघितली. बैलाच्या मानेवर जुवाचा घट्टा पडतो तसं काळं, जाड कातडं झालं होतं, सबंध गोल. मे महिन्यातल्या त्या स्वेटरचं कारण मला तेव्हा कळलं.

“आई, घरी जायचं हाय,” मी म्हटलं.

ती उठली. कुणाच्या घरी, असं तिनं विचारलं नाही. गाडीत माझ्या खांद्यावर डोकं टेकून बसली. माझ्या दारात आल्यावर मी घाबरत होते, की आता ती उंबरठ्यावर अडेल, लेकीचं घर म्हणेल, जावई काय म्हणतील म्हणेल. मी उत्तरंसुद्धा जुळवून ठेवली होती. आई सरळ आत गेली. कनवटीला हात लावला नाही, रुपया शोधला नाही. तिची ती जुनी टेक तिच्यातनं कुणीतरी काढून घेतली होती आणि मला तिचं येणं सोपं झालं, याचं मला फार वाईट वाटलं. अण्णा गाडीतच बसून राहिला. भूपालनं दोनदा बोलावलं, तरी तो आत आला नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी मी नवीन नाचणीची बिस्किटं केली. दुपारी आईला पुढच्या खोलीतल्या दिवाणावर बसवलं, स्वेटर काढून टाकला, मनगटांना खोबरेल लावलं आणि एक बिस्किट तिच्या तळहातावर ठेवलं. तिनं बराच वेळ त्याच्याकडं बघितलं. मग उचलून स्वतःच तोंडाला लावलं. कंप-बिंप काही नव्हता. दोन खाल्ली, तिसरं अर्धं भूपालला दिलं.

“जावईबापू, दात संबाळा,” ती म्हणाली.

भूपाल इतका हसला, की त्याला ठसका लागला. मीही हसले. मला वाटलं, आता सुटलो. आई आपली आपल्याला परत मिळाली. उन्हं उतरायच्या आत तिनं मुगाची खिचडी खाल्ली, पाणी प्याली, चूळ भरली आणि दिवाणावर कलंडली. मी भांडी आवरून आले तेव्हा खोलीत अंधार झाला होता, म्हणून मी सवयीनं बटण दाबलं.

दिवा लागला तशी आई उठून बसली. तिनं अंगावरचा पदर सारखा केला आणि दोन्ही हात बाजूला नेले. दिवाणाच्या कडेला, खालून, आतल्या बाजूला, बरोबर जागा चाचपून तिनं मनगटं टेकवली आणि माझ्याकडं बघत राहिली.

“काय गं आई? काय पाहिजे?”

तिनं मला ओळखलं नव्हतं. चेहऱ्यावर राग नव्हता, भीती नव्हती. उशीर झाला म्हणून समोरच्या माणसाची अडचण होऊ नये, एवढीच काळजी होती.

“बांधा की बाई,” ती म्हणाली. “मग उघडते मी तोंड.”

मी दिवा घालवला. अंधारात तिच्याजवळ बसून ते दोन्ही हात वर घेतले, माझ्या मांडीवर ठेवले आणि ती झोपेपर्यंत धरून बसले.

आई पुढं दिवाळीपर्यंत होती. अण्णा रोज दुपारी यायचा आणि ऊन असतानाच तिला हातानं भरवून जायचा. तिचा पलंग अजून माझ्या शेडमध्ये आहे, अर्धा खरवडलेला. आणि ती होती तोवर आमच्या घरात तिन्हीसांजेला दिवा लावला नाही.